चीक आणि खरवस : पहिल्या दुधाचा इतिहास



खरवस न आवडणारा मनुष्य मीं आमच्या मुरुम गांवांत अद्याप पाहिला नाहीं. गाय किंवा म्हैस व्याली, कीं तिचें पहिल्या दोन-तीन वेळचें दाट, पिवळसर दूध शेजारीपाजारीं वाटलें जातें. त्यांत गूळ व वेलदोडा घालून भांडें वाफेवर ठेवावें, कीं थोड्याच वेळांत त्याची मऊ, लुसलुशीत वडी थिजते. तोच खरवस. आमचें गांव उमरगा तालुक्यांत, कर्नाटकाच्या सीमेलगत असल्यामुळें बाजाराच्या दिवशीं येथें मराठीच्या जोडीला कानडीही कानांवर पडते. कानडी माणसें या पदार्थास गिण्णु म्हणतात. आणि १९४८ पर्यंत आमचा जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानांत होता, त्याच्या तेलगू भागांत याचेंच नांव जुन्नु. नांवें तीन, पण पदार्थ एक, आणि त्यावरचा लोभही एकच.

परंतु आज मी आपल्यापुढें बोलणार आहें तें खरवसाच्या कृतीविषयीं नव्हे; ज्या दुधाचा तो होतो त्या दुधाविषयीं. मराठींत त्यास चीक म्हणतात, संस्कृतांत पीयूष. हिंदींतील पेवसी हा शब्द या पीयूषाचाच वंशज होय. उपाहारगृहांत श्रीखंड पातळ करून जें पीयूष देतात तें अर्थात् निराळें. या चिकाच्या बाबतींत मनुष्यजातीनें मोठें चमत्कारिक वर्तन केलेलें आहे. आपल्या लेंकराच्या पोटांत आईचा चीक जाऊं नये म्हणून तिनें तो पिळून टाकला. आणि वासराला ज्याची अत्यंत गरज, तो गाईचा चीक मात्र स्वतः आवडीनें खाल्ला. असें कां झालें, त्यांतील चूक कोणीं व कशी दाखवून दिली, आणि त्या ज्ञानाचा आज आपण काय उपयोग करीत आहों, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम आपले जुने ग्रंथ काय म्हणतात तें पाहूं. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत भक्ष्याभक्ष्याचा विचार केलेला आहे. त्यांत गाईचें पीयूष प्रयत्नपूर्वक वर्ज्य करावें असें सांगितलें असून, व्याल्यापासून दहा दिवस उलटले नाहींत अशा गाईचें दूधही निषिद्ध मानिलें आहे. याज्ञवल्क्यस्मृतींतही अशाच दुधाचा निषेध आहे. या नियमामागील हेतु कांहींही असो. तो जेथें पाळला जाई तेथें पहिल्या दुधावर वासराशिवाय दुसरा वाटेकरी उरत नसे, हें उघड आहे. वैद्यकाची दृष्टि मात्र निराळी. सुश्रुतसंहितेंत पीयूष हें मधुर व शरीर पुष्ट करणारें म्हणून वर्णिलेलें आहे. म्हणजे धर्मशास्त्र म्हणतें 'खाऊं नका', वैद्यक म्हणतें 'पौष्टिक आहे', आणि लोक दोघांचेंही ऐकून घेऊन खरवसाचें पातेलें चुलीवर चढवितात!

मनुष्याच्या बाळाविषयीं याच सुश्रुताच्या शारीरस्थानांत जें सांगितलें आहे तें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. प्रसूतीनंतर तिसऱ्या किंवा चौथ्या रात्रीं स्त्रीचें दूध वाहूं लागतें. म्हणून तोंवर बालकास मध व तूप चाटवावें, असा तो क्रम आहे. हें निरीक्षण खोटें नव्हे. आईस भरपूर दूध येतें तें बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशींच. चूक झाली ती इतकीच, कीं त्यापूर्वीं जे थोडे चिकट, पिवळे थेंब येतात त्यांस दूध म्हणून कोणीं मोजलें नाहीं. ही चूक केवळ आपलीच नव्हती. दुसऱ्या शतकांतील सोरेनस नांवाचा ग्रीक वैद्यही आईचें अगदीं पहिलें दूध मुलास देऊं नये असेंच सांगत असे. आणि युरोपांतील वैद्यांनीं कित्येक शतकें त्याची री ओढली. १७४८ साली इंग्लंडच्या विल्यम कॅडोगन या डॉक्टरानें बालसंगोपनावर एक छोटा निबंध लिहून, आईचें पहिलें दूध बाळाचें पोट साफ करणारें म्हणून हितकारकच आहे, असें बजाविलें. परंतु त्या दुधांत याहून कांहीं मोठें सामर्थ्य आहे, याची कल्पना त्यालाही नव्हती.

आमच्याकडे तर ही समजूत माझ्या लहानपणीं घरोघर होती. बाळ जन्मलें, कीं त्याच्या जिभेवर मधाचें बोट. मग गुळाचें पाणी, तें कापसाच्या बोळ्यानें थेंब थेंब पिळावयाचें. चीक मात्र पिळून टाकावयाचा. कां, तर तो जड, तो बाळाला पचत नाहीं. हें सारें करणाऱ्या सुइणी व आज्या निष्ठुर नव्हत्या. बाळ जगावें म्हणूनच त्या तें करीत, हें मी आवर्जून सांगतों.

आतां माझ्या घरचीच एक हकीकत सांगतों. इ. स. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यांत कोणी विसरलेला नाहीं. मी तेव्हां बारा-तेरा वर्षांचा होतों. मोठीं माणसें खडी फोडण्याच्या कामावर, घरांत परदेशांतून आलेल्या मिलोच्या भाकरी, पोरांच्या हातांत सुकडी, आणि गोठ्यांत हाडें वर आलेलीं गुरें, असे ते दिवस. आमच्याकडे एक देवणी गाय होती. देवणी ही आमच्या भागाची नांवाजलेली जात. लातूर जिल्ह्यांतील देवणी गांवावरून तिला हें नांव पडलें. वानेरा, बालंक्या व शेवरा असे तिचे तीन प्रकार आहेत. आमची गाय वानेरा, म्हणजे अंगानें पांढरी व तोंडाच्या बाजूंस काळी. ती त्या वर्षीं एका रात्रीं व्याली आणि कालवड झाली. दुष्काळांत दारीं दूध आलें, यापरता आनंद कोणता?

कालवड धडपडत उभी राहिली आणि आईच्या कासेकडे वळली. आजीनें तिला दोरी लावून खुंट्यास बांधलें. "वार पडल्याबिगर वासरू सोडायचं न्हाई," असें ती म्हणाली. हा नियम तिच्या आईनें तिला सांगितलेला, आणि तिच्या आईला तिच्या आईनें. वार पडली ती दुसऱ्या दिवशीं दुपारीं. तोंवर कास ताठूं नये म्हणून ती तीन वेळां पिळली गेली होती. निघालेला चीक आळींत वाटला गेला. घरीं खरवस झाला. आणि कित्येक महिन्यांनीं गोड मिळालें म्हणून मीं तो बोटें चाटून खाल्ला. कालवडीस संध्याकाळीं सोडलें. चौथ्या दिवशीं तिला पांढरी हगवण लागली, आणि आठव्या दिवशीं ती मेली.

आजी म्हणाली, दृष्ट लागली. वडिलांनीं दुष्काळास बोल लाविला. ती कालवड केवळ चीक न मिळाल्यानें मेली, असें मी आज छातीठोकपणें म्हणणार नाहीं. गाय उपाशी, गोठा ओला, कारणें अनेक असूं शकतील. पण पुढें मी शिक्षक झाल्यावर गुरांच्या एका शिबिरांत पशुवैद्यांनीं शेतकऱ्यांना विचारलेला पहिलाच प्रश्न होता : "वासरूं जन्मल्यावर किती वेळानें प्यालें?" तो ऐकतांच माझ्या डोळ्यांपुढें तो खुंटा व ती दोरी उभी राहिली. तेव्हांपासून या विषयाचा इतिहास मी मिळेल तेथून वाचीत आलों आहें.

या इतिहासाचा आरंभ बर्लिन शहरांत होतो. १८९० साली एमिल फॉन बेहरिंग व जपानहून आलेले शिबासाबुरो कितासातो यांनीं असें दाखविलें, कीं घटसर्प व धनुर्वात यांच्या विषाशीं झगडलेल्या प्राण्याच्या रक्तरसांत त्या विषास निकामी करणारें द्रव्य उत्पन्न होतें. आणि तो रस दुसऱ्या प्राण्यास टोंचला तर त्याचेंही रक्षण होतें. मग सहजच प्रश्न उपस्थित झाला, कीं हें रक्षण आईकडून पिलाकडे जातें काय, आणि जात असल्यास कोणत्या वाटेनें?

या प्रश्नाचें उत्तर पॉल एर्लिख यांनीं शोधिलें. त्यांनीं प्रयोगासाठीं जीं दोन विषें निवडलीं, तीं ऐकून आपणांस नवल वाटेल. एक एरंडाच्या बियांतील रिसिन, आणि दुसरें गुंजेंतील ॲब्रिन! आमच्या बांधावरचा एरंड आणि सोनाराच्या तराजूंतील गुंज! एरंडेल तेलांत हें विष उतरत नाहीं, तें पेंडींत राहतें. म्हणूनच आमच्या आज्यांनीं मुलांना पाजलेलें एरंडेल बाधलें नाहीं. असो. एर्लिख यांनीं उंदरांच्या माद्यांना हीं विषें प्रथम अगदीं सूक्ष्म व मग चढत्या प्रमाणांत देऊन त्यांस सरावविलें. नंतर त्यांनीं पिलांची अदलाबदल केली. सरावलेल्या मादीचीं पिलें साध्या मादीच्या अंगावर पाजलीं, आणि साध्या मादीचीं पिलें सरावलेल्या मादीपाशीं ठेविलीं. तेव्हां असें दिसून आलें, कीं ज्यांच्या जन्मदात्रीस त्या विषाची ओळखही नव्हती, अशीं पिलें केवळ दाईचें दूध पिऊन विषास पुरून उरलीं. संरक्षण दुधांतून येतें ही गोष्ट १८९२ साली अशा रीतीनें सिद्ध झाली. पुढें १९०८ साली एर्लिख यांना रोगप्रतिकाराच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिकाचा अर्धा मान मिळाला.

उंदरांवरून गुरांकडे वळावयास आणखी तीस वर्षें लागलीं. अमेरिकेंत प्रिन्स्टन येथें रॉकफेलर संस्थेचा पशुरोगांचा विभाग होता. तेथें थिओबाल्ड स्मिथ व राल्फ लिटल यांनीं नवजात वासरांचे दोन गट केले. एकास चीक पाजला. दुसऱ्यास चीक न देतां साधें दूध दिलें. चीक प्यालेलीं वासरें जगलीं. दुसऱ्या गटांतील अर्ध्याहून अधिक थोड्याच दिवसांत मेलीं. आणि त्यांना मारणारे जंतु कांहीं भयंकर सांथीचे नव्हते, तर एरवीं आंतड्यांत निमूटपणें राहणारे साधे जंतु होते. हा निबंध १९२२ साली प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास त्याच संस्थेंत रक्ताची परीक्षा करून असेंही दिसलें, कीं चीक पिण्यापूर्वीं वासराच्या रक्तांत रोगाशीं झुंजणारें ग्लोब्युलिन नांवाचें प्रथिन जवळजवळ नसतें, आणि चीक प्याल्यावर कांहीं तासांतच तें दिसूं लागतें.

याचें कारण वारेच्या रचनेंत आहे. मनुष्याच्या गर्भास आईच्या रक्तांतील रक्षक द्रव्यें, ज्यांस आज प्रतिपिंडें म्हणतात, वारेंतूनच मिळतात. म्हणून आपलें बाळ थोडी शिदोरी बांधूनच जगांत येतें. गाय, म्हैस, शेळी व मेंढी यांच्या वारेंत पडदे अधिक असल्यामुळें हीं द्रव्यें पलीकडे जात नाहींत. त्यांचें पिलूं रिकाम्या हातांनीं जन्मतें. निसर्गानें याची भरपाई अशी केली आहे, कीं जन्मानंतर सुमारें एक दिवसपर्यंत वासराचें आंतडें हीं प्रथिनें न मोडतां अखंड रक्तांत घेतें. पहिले सहा तास हें दार सताड उघडें असतें. मग तें मिटत जातें, आणि चोवीस तासांच्या सुमारास बंद होतें. आमच्या आजीनें वारेची वाट पाहिली, ती नेमकी हें दार मिटेपर्यंत. शिवाय वासरूं लुचूं लागलें म्हणजे गाईच्या शरीरांत जो स्राव सुटतो, तो गर्भाशय आंवळून वार पडावयास मदतच करतो. म्हणजे नियमाचीं दोन्ही टोकें उलटीं धरलेलीं होतीं.

आतां पुन्हां खरवसाकडे येऊं. कारण या साऱ्या शास्त्राचा पुरावा आमच्या स्वयंपाकघरांत रोज मांडलेला होता, फक्त तो वाचावयास कोणी नव्हतें. साधें दूध कितीही उकळलें तरी तें आटतें, थिजत नाहीं. कारण त्यांतील मुख्य प्रथिन केसीन, आणि तें उष्णतेस दाद देत नाहीं. चीक मात्र वाफेवर अंड्याच्या बलकासारखा गोठतो. साध्या दुधांत शंभर भागांत सुमारें साडेतीन भाग प्रथिनें असतात. पहिल्या चिकांत तीं चौदा भागांच्या आसपास असतात, आणि त्यांत मोठा वाटा या प्रतिपिंडांचा असतो. तींच उष्णतेनें गोठतात. म्हणून पहिल्या दिवसाच्या चिकांत साधें दूध मिसळूनही वडी पडते, आणि तीन-चार दिवसांनंतरच्या दुधाची कांहीं केल्या पडत नाहीं. गृहिणींस हें पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परंतु गोठलेलें प्रतिपिंड आपलें काम करूं शकत नाहीं. तेव्हां खरवस करणें म्हणजे शिपायांच्या ढाली वितळवून त्यांचीं भांडीं घडविण्यासारखें होय. भांडें सुंदर असेल, पण त्यानें वार अडत नाहीं. खरवस उत्तम पौष्टिक अन्न आहे, औषध नव्हे.

प्रतिपिंडांखेरीज दुधांत आणखीही पहारेकरी आहेत. १९२२ सालींच अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं जंतूंच्या भिंती फोडणारें लायसोझाइम नांवाचें द्रव्य जाहीर केलें. तें अश्रूंत असतें, लाळेंत असतें, आणि आईच्या दुधांतही असतें. १९३९ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरांत सोरेन्सन यांच्या प्रयोगशाळेंत गाईच्या दुधांतून एक तांबूस रंगाचें प्रथिन दिसून आलें. १९६० साली तें शुद्ध स्वरूपांत वेगळें झालें, व पुढें त्यास लॅक्टोफेरिन हें नांव रूढ झालें. या प्रथिनाची युक्ति मोठी मौजेची आहे. जंतूंना वाढावयास लोह लागतें; हें प्रथिन लोह आपल्यापाशीं धरून ठेवतें आणि जंतूंची उपासमार करतें. आईच्या चिकांत तें लिटरमागें पांच ग्रॅमांहूनही अधिक असतें. गाईच्या साध्या दुधांत ग्रॅमाच्या दहाव्या हिश्शाएवढें.

पुढें आणखी एक गोष्ट कळली. प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ समजा. पोटांत ती तुटते, आणि तिचे लहान-लहान सर होतात. या सरांस पेप्टाइड असें म्हणतात. माळ तुटली म्हणजे तिचें काम संपलें, असें पूर्वीं वाटे. परंतु १९९२ साली जपानी संशोधकांनीं लॅक्टोफेरिनवर जठरांतील पाचकद्रव्याचा प्रयोग करून त्याचा एक तुकडा वेगळा केला, तेव्हां प्रयोगशाळेंत तो तुकडा जंतूंवर अखंड प्रथिनापेक्षांही अधिक प्रखर ठरला. म्हणजे दूध पचतांनाही त्यांतून कांहीं शस्त्रें घडत असावींत, असा विचार पुढें आला.

आईच्या दुधाचें मर्म कळलें तें १९६१ साली. स्वीडनमधील लार्स हॅन्सन यांनीं दाखविलें, कीं त्यांतील मुख्य प्रतिपिंड रक्तांतील प्रतिपिंडांहून निराळ्या प्रकारचें आहे. तें बाळाच्या रक्तांत शिरण्यासाठीं नसतेंच. तें आंतड्याच्या आंतल्या अंगास राहून पहारा करतें. आणि हा पहारा गांवोगांवचा निरनिराळा! आई जें पाणी पिते, ज्या घरांत वावरते, तेथील जंतूंशीं तिचें शरीर झगडलेलें असतें. त्याच जंतूंविरुद्धचीं प्रतिपिंडें तिच्या दुधांत उतरतात. मुरुमच्या बाळासाठीं मुरुमच्या आईचाच चीक, असा हा हिशेब आहे. कोणत्याही डब्यांत तो मिळावयाचा नाहीं.

हें ज्ञान रुग्णालयांत कसें उतरलें, याचें ठळक उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच आहे. मुंबईंत सायन येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस या नवजात बालकांच्या विभागाच्या प्रमुख होत्या. अपुऱ्या दिवसांचीं बाळें जंतुदोषानें दगावतात हें पाहून त्यांनीं डब्याचें दूध बंद करून मातेच्या दुधावर भर दिला. आणि ज्या बाळांस स्वतःच्या आईचें दूध मिळूं शकत नाहीं, त्यांच्यासाठीं १९८९ साली तेथें मातृदुग्धपेढी स्थापन केली. आशिया खंडांतील ही पहिली. दुसऱ्या मातांनीं दिलेलें दूध तेथें साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवितात. त्यायोगें घातक जंतु मरतात, आणि रक्षक प्रथिनांचा कांहीं भाग नष्ट झाला तरी पुष्कळसा टिकतो. उष्णतेचा हाच तो हिशेब, जो आपण खरवसाच्या पातेल्यांत पाहिला.

तरीही काम पुरें झालेलें नाहीं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी १९९८-९९ साली झाली, तेव्हां जन्मानंतर पहिल्या तासांत आईच्या अंगावर पाजलेलीं बालकें देशांत शंभरांत सुमारें सोळा होतीं. २०१९-२१ च्या पाहणींत तें प्रमाण जवळजवळ बेचाळीस झालें. प्रगति खरी, पण बाळें आतां बहुतांशीं दवाखान्यांत जन्मत असतांही निम्म्याहून अधिकांस तो पहिला तास लाभत नाहीं, हेंही तितकेंच खरें.

आणि इकडे दुसराच प्रकार चालू आहे. २०२० च्या सांथीनंतर 'रोगप्रतिकारशक्ति' हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडीं झाला, आणि गाईच्या चिकाच्या भुकट्या, लॅक्टोफेरिनच्या गोळ्या व दुधांतील पेप्टाइडांचे डबे मोठ्या माणसांसाठीं विकले जाऊं लागले. त्यांविषयीं विवेकानें बोललें पाहिजे. लॅक्टोफेरिनची आशा निराधार नव्हती. २००९ साली इटलींत अत्यंत कमी वजनाच्या ४७२ बालकांवर चाचणी झाली, तींत तें दिलेल्या बालकांमध्यें रक्तांत जंतुदोष होण्याचें प्रमाण पुष्कळ कमी आढळलें. परंतु २०१९ साली ब्रिटनमध्यें अपुऱ्या दिवसांच्या २,२०३ बालकांवर मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, तेव्हां दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. कांचेच्या नळींत जें घडतें तें पोटांत घडतेंच असें नाहीं, आणि लहान चाचणींत जें दिसतें तें मोठ्या चाचणींत टिकतेंच असें नाहीं, हा त्यांतील धडा. प्रौढ मनुष्याचें आंतडें तर एका दिवसाच्या वासराच्या आंतड्यासारखें उघडें नसतें. तें यांतील बहुतेक प्रथिनें डाळीच्या प्रथिनांप्रमाणें पचवून टाकतें. संशोधन चालू आहे आणि तें चालावें. पण ज्याचा पगार बेताचा, त्यानें अशा डब्यासाठीं घरांतील मुलांचें दूध तोडूं नये.

कोणी म्हणेल, मग कच्चाच चीक प्यावा काय? मुळींच नाहीं. कच्च्या दुधांतून क्षय व ब्रुसेला यांसारखे रोग माणसांत येतात. माणसानें चीक तापवूनच खावा, म्हणजेच खरवस करूनच खावा. पण तो कोणाचें पोट भरल्यावर, एवढाच माझा प्रश्न आहे. वासराला त्याच्या वजनाच्या सुमारें दहाव्या हिश्शाइतका चीक पहिल्या दिवसांत मिळाला पाहिजे, आणि त्यांतला पहिला घोट जन्मानंतर तास-दोन तासांच्या आंत. वार पडो वा न पडो. आमच्या भागांतील उस्मानाबादी शेळी पुष्कळदां जुळीं देते. तेथें दोन्ही करडें प्यालीं कीं नाहींत हें डोळ्यांनीं पाहावें, कारण दांडगें करडूं सारें पिऊन दुबळ्यास उपाशी ठेवतें. संकरित गाय वासराच्या गरजेहून कितीतरी अधिक चीक देते. तो उरलेला चीक आनंदानें न्या, वाटा, खा.

शेवटीं एक घरगुती गोष्ट सांगून पुरें करतों. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या मुलीची प्रसूति झाली, तेव्हां मीच बाजारांतून मध आणून वाटींत काढून ठेविला होता. इतकें वाचूनही हात जुन्या वळणानें गेलाच! परिचारिकाबाईंनीं वाटी पाहिली आणि शांतपणें म्हणाल्या, "गुरुजी, वर्षाच्या आंत मध देऊं नका, त्यानें बाळाला क्वचित् विषबाधा होते. आणि त्याची गरजही नाहीं. ती पाहा, पीतच आहे." नात आईच्या कुशींत होती, अर्ध्या तासाची. चीक तो केवढा? सारा दिवसभराचा मिळून कांहीं चमचे. पण ज्या पिवळ्या थेंबांना आमच्या कित्येक पिढ्यांनीं जमिनीवर सांडलें, ते त्या दिवशीं योग्य ठिकाणीं पोंचत होते. मीं वाटी उचलून बाहेर नेली. मला तेव्हां त्या दुष्काळांतल्या कालवडीची आठवण झाली.

ज्या आज्यांनीं आपल्याला वाढविलें त्यांना दोष देण्यासाठीं मी हें बोललों नाहीं. त्यांना जें ठाऊक नव्हतें तें आपणांस ठाऊक झालें आहे, म्हणून जबाबदारी आतां आपली आहे. घरांत पाळणा हालो वा गोठ्यांत घंटा वाजो, पहिला चीक ज्याचा त्याला द्या. खरवस मागून होईल.